भिंतीकडे तोंड केलेलं दार

"फुर्रर्र!"

शिट्टी इतकी कानाशी वाजली, की भोंग्याच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी उडाली आणि दाणे दालनभर गडगडत गेले.

"हात मागे! तिघांनीही हात मागे बांधा! आणि हे काय, खाणं? हे संग्रहालय आहे, तुमचं अंगण नाही!"

संग्रहालयाच्या रखवालदारांना सगळी मुलं शिट्टीकाका म्हणत, आणि शिट्टीकाकांना एकही मूल आवडत नसे.

"आम्ही कशालाही हात लावलेला नाही!" भोंगा म्हणाला. तो साधं बोलला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जाई.

"लावणार होतात!"

"मग 'लावणार होतो' याची शिक्षा वेगळी असते का, काका?" सुईने विचारलं. ती भोंग्याची थोरली बहीण. तिचं बोलणं कुठे ना कुठे टोचायचंच, म्हणून ती सुई.

तिसरा त्यांचा मावसभाऊ गुगली. खरं तर सगळा त्याचाच प्रताप होता. काल त्याचा चेंडू असा काही वळला, की थेट शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडून आत गेला. "सुट्टी संपेपर्यंत तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर!" असं म्हणत मावशीने तिघांनाही आपल्यासोबत कामावर आणलं होतं. मावशी या संग्रहालयाची अभिरक्षक होती. जुन्या वस्तू सांभाळायच्या, त्यांची माहिती काढायची आणि ती लोकांना सांगायची, हे तिचं काम.

"खोटं आहे हे! साफ खोटं!"

आतल्या दालनातून कुणीतरी किंचाळलं. शिट्टीकाका धावले. तिघंही मागोमाग पळाली.

भिंतीला लागून एक भलंमोठं लाकडी दार चौकटीसकट उभं होतं. आगीने काळं पडलेलं, जागोजागी कोळसा झालेलं. शेजारच्या पाटीवर एक लहानखुरी मुलगी नखांनी ओरखडे काढत होती.

"तू परत आलीस? चल, हो बाहेर!" शिट्टीकाकांनी तिचं बखोट धरलं.

"सोडा मला! आधी ती पाटी काढा!"

"पाटी काढायला तू कोण लागून गेलीस? पुन्हा या दारात दिसलीस तर पोलिसांना बोलावीन!"

तिला ओढत नेताना तिची नजर गुगलीवर पडली. गुगली फिदीफिदी हसला. "कुलूप! ए कुलूप!"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"कुलूप काय? कोण ती?" सुईने विचारलं.

"आमच्या शाळेतली. सगळेच तिला कुलूप म्हणतात. वाच ना पाटी."

सुईने वाचलं. 'काडेपेटी कारखान्याचे मागचे दार. आग लागताच चौकीदार बाहेरून कुलूप घालून पळून गेला. मालकांनी स्वतःच्या हातांनी दार फोडून मजुरांचे प्राण वाचवले.'

"तो चौकीदार म्हणजे तिचा पणजोबा," गुगली म्हणाला. "कितीतरी बायका आत जळून मेल्या. अजूनही लोक त्यांच्या घराला कुलूपवाल्यांचं घर म्हणतात."

"आणि तूसुद्धा म्हणतोस. शाबास रे बहाद्दर!"

सुई मात्र दारासमोरून हलेना.

"भोंग्या, गेल्या सुट्टीत आपण इथे लपाछपी खेळलो होतो. आठवतं? तू या दाराच्या मागे लपला होतास."

"हो! दार पार मधोमध होतं. मागच्या बाजूवर गोणपाट बांधलेलं होतं, पण चारी बाजूंनी फिरता यायचं."

"मग आता ते भिंतीला का चिकटवलंय? आणि गेल्या वर्षी पाटीवर हे नव्हतं. आगीत नेमकं काय घडलं याबद्दल दोन मतं आहेत, असं लिहिलं होतं. दुसरं मत कुठे गेलं?"

तिघं तडक मावशीच्या खोलीकडे निघाली. पण दाराशीच थबकली. आत संचालक ओरडत होते.

"मला नियम शिकवू नका! परवा नव्या दालनाचं उद्घाटन आहे. धाकट्या मालकांनी सगळा खर्च उचललाय. त्यांच्या आजोबांच्या कारखान्याचं दार ते असलं कळकट? उद्या दुपारी सुतार येईल. मागचं लोखंड उतरवेल, रंग खरवडेल आणि सगळं पॉलिश करेल."

"सर, जुनी वस्तू अशी घासत नाहीत," मावशी म्हणाली. "तिच्यावरची खूण एकदा गेली की गेली. आणि ती मागची बाजू तर..."

"मागची बाजू कुणीही पाहणार नाही! तुम्हाला नोकरी नको असेल तर तसं सांगा. दुसरं माणूस मिळतं."

संचालक ताडताड बाहेर आले. मुलांना पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"ही कुणाची पलटण? संग्रहालयाला पाळणाघर करून ठेवलंय नुसतं!"

ते गेल्यावर सुई आत शिरली. "मावशी, दाराच्या मागे काय आहे?"

"काही नाही. गप्प बसा एका जागी."

"गेल्या वर्षी तूच सांगत होतीस ना? आपण इथल्या वस्तूंचे मालक नाही, राखणदार आहोत. वस्तू काय सांगते ते ऐकायचं, तिच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. मग आता?"

"सुई, तोंड आवर!" मावशी कडाडली. एवढी चिडलेली मावशी त्यांनी कधी पाहिली नव्हती. आणि एवढी घाबरलेलीही.

संध्याकाळी तिघं त्या मुलीला शोधत निघाली. ती मैदानाच्या कडेला एकटीच भिंतीवर चेंडू मारत होती. गुगलीला पाहताच तिने चेंडू भिंतीऐवजी त्याच्या पोटात मारला.

"आई गं!"

"अजून हवाय? चालते व्हा इथून!"

"आम्ही तुला मदत करायला आलोय," भोंगा म्हणाला. मैदानातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

"संग्रहालयवालीचा मुलगा मला मदत करणार? त्याच्या आईनेच ती पाटी लावलीय!"

"आईला लावायला लावलीय," गुगली पोट चोळत म्हणाला. "आणि... मी तुला तसं म्हणायला नको होतं. पुन्हा नाही म्हणणार."

"न म्हणून उपकार करतोस काय?" ती फणकारली. पण दुसरा चेंडू तिने मारला नाही. "घरी मला मुंगी म्हणतात. हाक मारायची तर त्या नावाने मारा."

"मुंगी, ते दार तू मागून पाहिलंयस?" सुईने विचारलं.

"ते आम्हाला आत घेतात कुठे! आजोबा तर त्या रस्त्यानेसुद्धा जात नाहीत. पण ते म्हणतात, त्या दाराला कुलूप नव्हतंच कधी."

"मग त्यांनाच विचारू या की!"

मुंगीचं घर जवळच होतं. आजोबा ओट्यावर बसून चप्पल शिवत होते. संग्रहालयाचं नाव काढताच त्यांनी दाभण खाली ठेवलं.

"मुंगी, घरात हो. आणि तुम्ही, आल्या पावली परत फिरा. त्या इमारतीशी माझं काही बोलणं नाही."

"आजोबा, उद्या ते दार घासून टाकणार आहेत!" सुई घाईघाईने म्हणाली.

"घासू देत. आमच्या तोंडाला लागलेलं काळं निघणार आहे का त्याने?" असं म्हणून ते आत गेले आणि त्यांनी दार धाडकन लावून घेतलं.

चौघं रस्त्यावर उभी राहिली. हो, चौघं! मुंगी मागच्या दाराने कधीच बाहेर सटकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय उघडताच गुगली शिट्टीकाकांपुढे जाऊन उभा राहिला.

"काका, या तोफेचा गोळा किती लांब जायचा?"

"पाटी वाच."

"वाचली. पण वारा उलटा असला तर? आणि पाऊस असला तर? आणि गोळा ओला झाला तर?"

शिट्टीकाका डाफरत होते, गुगली विचारत होता. तेवढ्यात बाकीची तिघं आतल्या दालनात पोचली. मुंगीने डोक्यावर भोंग्याची टोपी ओढली होती. दार आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट होती.

"मावशीचा दाढी करायचा आरसा आणलाय," सुई म्हणाली.

"मावशीचा नाही गं, गुगलीच्या बाबांचा! मावशी दाढी करते का?" भोंगा कुजबुजला, आणि त्याची कुजबुज तोफेपर्यंत गेली.

"गप्प!" सुईने तो आरसा लांब पट्टीला बांधून आणला होता. तो तिने फटीतून आत सरकवला. दाराला कुठेही स्पर्श होऊ न देता. भोंग्याने वरून विजेरीचा झोत सोडला.

आरशात हिरवा रंग चमकला. दाराची मागची बाजू जळलीच नव्हती!

"म्हणजे ही बाहेरची बाजू," सुई म्हणाली. "आग आत होती."

"ते बघ! मधोमध काय आहे?"

एक रुंद लोखंडी पट्टी. चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी गेलेली, जाड बोल्टांनी आवळलेली. दार आणि चौकट तिने एकमेकांना जखडून टाकली होती.

"कडीकोयंडा कुठाय?" मुंगीने विचारलं. "कुलूप लावायला कडी तर हवी ना?"

आरसा वर गेला, खाली आला. कडी नाही, कोयंडा नाही, साधं भोकही नाही.

"मग कुलूप लावलं कशाला? हवेला?" भोंगा म्हणाला. "पण थांब. समजा, ही पट्टीच आग लागल्यावर कुणी ठोकली असेल तर?"

सुई बराच वेळ आरशात पाहत राहिली.

"नाही ठोकली. रंग बघ! हिरवा रंग दारावरून पट्टीवर आलाय, पट्टीवरून पुन्हा दारावर गेलाय. बोल्टांच्या खाचासुद्धा रंगाने भरल्यात. म्हणजे पट्टी आधी बसवली, रंग नंतर दिला. आणि कडेला त्याच रंगाला आगीने फोड आलेत. म्हणजे आग त्याच्याही नंतर."

"दार आधीपासूनच बंद होतं," मुंगी हळूच म्हणाली. "कायमचं."

"आणि इथे, बिजागऱ्यांपाशी, कुऱ्हाडीचे घाव आहेत! पट्टी निघेना म्हणून कुणीतरी बाहेरून बिजागऱ्या तोडल्यात."

"माझ्या पणजोबांनी!"

"फुर्रर्र! कोण आहे तिकडे?"

तिघांनी धूम ठोकली ती थेट मावशीच्या टेबलापाशी. मागोमाग गुगलीही येऊन पोचला. सुईने एका दमात सगळं सांगितलं. मावशीने मुंगीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "दार हलवताना गोणपाट काढलं, तेव्हाच मी पाहिलं. पण दुपारी सुतार येतोय आणि संचालक माझं ऐकत नाहीत."

"अध्यक्षबाईंना सांग ना, आई!" गुगली म्हणाला.

विश्वस्तांच्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्या काही महिन्यांतून एकदाच इकडे फिरकत.

"त्या आज संध्याकाळी तयारी पाहायला येणार आहेत, धाकट्या मालकांबरोबर. तोवर लोखंड उतरलेलं असेल."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत सुताराला थोपवायचं," सुई म्हणाली. "मावशी, दालनात लोक असताना करवत चालवता येते का?"

"छे! प्रेक्षक आत असताना काम करायचं नाही, हा नियमच आहे."

सुईने भोंग्याकडे पाहिलं. भोंग्याने गुगलीकडे पाहिलं. बाहेरच्या फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'सुट्टीत मुलांना प्रवेश मोफत.'

मैदानावर क्रिकेट रंगात आलं होतं. गुगलीचं या टोळीशी हाडवैर होतं.

"आम्ही यायचं? त्या भुताच्या घरात? आणि तुझ्यासाठी?" टोळीचा कप्तान खो खो हसला. "बदल्यात काय देशील?"

"सुट्टीभर मी सगळ्यांत शेवटी बॅटिंग करीन."

"आणि चेंडू गटारात गेला तर तूच काढायचा!"

"...काढीन."

दुपारी सुतार अवजारांची पेटी घेऊन आला, तर दारासमोर मुलंच मुलं! कुणी पाटी वाचतंय, कुणी दाराचं चित्र काढतंय, आणि प्रत्येकाला आरशातून मागची बाजू पाहायचीय. मुंगी सगळ्यांना रंगाची गंमत समजावून सांगत होती. तिला कुलूप म्हणणाऱ्यांनाही सांगत होती, आणि चांगलं खडसावून सांगत होती. "हात लावायचा नाही! डोळ्यांनी बघ!"

"बाहेर व्हा सगळे!" शिट्टीकाका शिट्टी फुंकून फुंकून घामाघूम झाले. "आणि ही इथे आत कशी आली?"

"फाटकातून," सुई म्हणाली. "मुलांना प्रवेश मोफत आहे. ही मूल नाही असं कुठे लिहिलंय का?"

चार वाजून गेले तरी मुलं हलेनात, तेव्हा संचालक धावत आले. "संग्रहालय बंद झालंय! निघा!"

"पाटीवर तर पाच वाजेपर्यंत उघडं आहे," कप्तान म्हणाला. त्याला आता मजा यायला लागली होती.

"सुतार, तुम्ही करा सुरुवात! यांच्याकडे लक्ष देऊ नका!"

सुताराने मुलांकडे पाहिलं आणि पेटीवर बसकण मारली. "एवढ्या पोरांत पटाशी चालवू? कुणाचं बोट गेलं तर तुम्ही जोडून देणार का, साहेब?"

संचालकांनी सुईचा दंड धरला. "तूच ना ती? तुझ्या मावशीची नोकरी आज गेलीच म्हणून समज!"

"सोडा तिला."

मावशी दालनाच्या दारात उभी होती. ती चालत आली आणि दारासमोर उभी राहिली. "नोकरी काढायची तर काढा, सर. पण मी अभिरक्षक असेपर्यंत या दाराला पटाशी लागणार नाही."

"कसला तमाशा चाललाय हा?"

सगळे वळले. अध्यक्षबाई काठी टेकत आत येत होत्या. शेजारी धाकटे मालक होते, कडक इस्त्रीच्या कपड्यांतले.

"ही पोरं धुडगूस घालताहेत, बाई," संचालक म्हणाले.

"आम्ही दार बघतोय!" भोंगा गरजला. खिडक्यांची तावदानं थरथरली. "दार भिंतीकडे तोंड करून उभं केलंय! तुम्हीपण बघा!"

मुंगीने आरसा पुढे केला. अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला आणि वाकून पाहिलं. फार वेळ पाहिलं. सुईने सांगितलेलं सगळं ऐकलं. मग त्या ताठ झाल्या.

"असली पट्टी त्या चौकीदारानेच मारली असेल," धाकटे मालक तुटकपणे म्हणाले. "मेलेल्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"चौकीदाराने कारखान्याचं दार कायमचं बंद केलं, वरून रंगही देऊन घेतला आणि मालकांना त्याचा पत्ताच नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "माझ्या न्यायालयात हे बोलला असतात तर मी तुम्हाला खाली बसवलं असतं."

"मग दालनाचा खर्च तुम्हीच करा! माझ्या आजोबांची बदनामी करायला मी एक पैसाही देणार नाही."

"नका देऊ. आमच्या वस्तू साध्या खोलीत उभ्या राहतील. पण सरळ तोंडाने."

धाकटे मालक पाय आपटत निघून गेले. संचालक त्यांच्यामागे धावले, मग अध्यक्षबाईंची नजर पाठीवर जाणवून मध्येच थांबले.

"पाटी काढा," बाई म्हणाल्या. शिट्टीकाकांनी मुकाट्याने पाटी काढली. मग सुतार, शिट्टीकाका आणि आणखी चारजणांनी मावशी सांगेल तसं ते जड दार इंच इंच वळवलं. हिरवी बाजू उजेडात आली. लोखंडी पट्टी सगळ्यांना दिसली. टोळीचा कप्तानसुद्धा टाचा उंचावून बघू लागला.

"मोठ्यांनी जे करायला हवं होतं ते तुम्ही केलंत," अध्यक्षबाई चौघांना म्हणाल्या. "आणि दाराला बोट न लावता केलंत, हे मला जास्त आवडलं."

मावशीने सुईच्या डोक्यावर हात ठेवला. "मला शब्द सापडत नव्हते. तू माझेच मला ऐकवलेस."

"आता लिहा ना, माझ्या पणजोबांनी दार तोडलं म्हणून!" मुंगी म्हणाली.

मावशी तिच्यासमोर बसली. "दार आधीपासून बंद होतं, हे दार सांगतं. कुणीतरी बाहेरून घाव घातले, हेही सांगतं. कुणी घातले, ते मात्र दार सांगत नाही. मला हवं ते लिहिलं, तर माझ्यात आणि या जुन्या पाटीत फरक काय राहिला?"

मुंगीचे डोळे भरून आले. ती काहीतरी कडक बोलणार होती, पण वळली आणि पळत सुटली.

बरोबरच्या तिघांना वाटलं, गेली ती रुसून. पण थोड्या वेळाने ती परत आली. आजोबांचा हात धरून अक्षरशः ओढतच. आजोबा फाटकापाशी अडले, मग आत आले. कुणाकडेही न बघता ते दारासमोर जाऊन उभे राहिले.

मावशीने स्वतःची खुर्ची आणून ठेवली. ते बसले नाहीत.

"काका, तुम्ही तेव्हा होतात तिथे?" मावशीने विचारलं.

"होतो. या पोराएवढा होतो." त्यांनी भोंग्याकडे बोट केलं. "बाबांचा डबा घेऊन गेलो होतो. कुऱ्हाड कुणाच्या हातात होती ते मी पाहिलंय. त्यांचे हात नंतर कधी नीट झाले नाहीत."

"सांगाल का सगळं? मी लिहून घेते. तुमच्याच शब्दांत ते दाराशेजारी लागेल."

आजोबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. नजरेत माया अजिबात नव्हती.

"ही पोरं धीटपणे माझ्या दाराशी आली, म्हणून सांगतो. गुणाची आहेत पोरं. तुमच्यासाठी नाही सांगत. आणि सगळ्यांत आधी हे लिहा. आम्ही इथेच राहत होतो, या रस्त्याच्या टोकाला. आणि आम्हाला कुणी विचारलं नाही."

मावशीची मान खाली गेली. तिने कोरा कागद पुढे ओढला आणि पहिलं वाक्य तेच लिहिलं.